जबड्याचे हाड उघडे पडले आहे. सासूबाईंचे नाव वैद्यकीय अभ्यासात नोंदवावे का?

नमस्कार. मी वेंगुर्ल्याजवळच्या गावात राहते. माझ्या सासूबाई 66 वर्षांच्या आहेत. त्यांचा स्तनाचा कर्करोग मणक्यांत पसरला असल्याने त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ दर चार आठवड्यांनी हाडांची झीज रोखणाऱ्या झोलेड्रॉनिक ॲसिडचे 4 मिलिग्रॅमचे इंजेक्शन शिरेतून दिले जाते. गेल्या पावसाळ्यात खालची दाढ हलू लागली म्हणून ती तालुक्याच्या एका दवाखान्यात काढली. तेथे मधुमेह, रक्तदाब आणि रोजच्या गोळ्या यांची चौकशी झाली. इस्पितळात जाऊन महिन्याने घ्यायच्या इंजेक्शनाबद्दल कोणी विचारले नाही आणि सासूबाईंनाही ते दातांशी संबंधित वाटले नाही. जखम भरली नाही. पुढे जिभेला काहीतरी खरखरीत लागू लागले, तेव्हा बांगड्याचा काटा रुतला असावा अशा समजुतीने त्या आरशासमोर बॅटरी धरून तो शोधत होत्या. दिसले ते पिवळट पांढरे हाड.

मुंबईच्या एका रुग्णालयात सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) आणि बायोप्सी झाली. कर्करोग जबड्यात पसरलेला नाही, ही त्यातली दिलाशाची गोष्ट. निदान आहे औषधामुळे होणारा जबड्याचा ओस्टिओनेक्रोसिस, म्हणजे हाडाचा काही भाग निर्जीव होणे. पू आणि ठणका असल्याने आजार दुसऱ्या टप्प्यात धरला आहे. प्रतिजैविके आणि क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या चालू आहेत. जेवण पेज आणि मऊ भातावर आले आहे.

आता त्याच विभागात चाललेल्या एका अभ्यासात सहभागी होण्याविषयी आम्हाला विचारले आहे. सर्व रुग्णांचे निर्जीव हाड शस्त्रक्रियेने काढून जखम शिवली जाईल. त्यांपैकी निम्म्यांच्या जखमेत त्यांच्याच रक्तापासून बनवलेला पीआरएफ नावाचा थर ठेवला जाईल, आणि कोणाला तो मिळेल हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरेल. नंतर वर्षभर ठरावीक अंतराने तपासणीस जावे लागेल. थर न मिळणाऱ्या गटात नाव निघाले तर सासूबाईंचे नुकसान होईल का? दुसरी अडचण अशी की, शस्त्रक्रियेआधी इंजेक्शन काही महिने थांबवावे असे तेथील मुखशल्यचिकित्सक म्हणतात, तर कर्करोगतज्ज्ञ त्यास राजी नाहीत, आणि हा निरोप एकमेकांना पोहोचवण्याचे काम मात्र आमच्याकडे आले आहे. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनी टेरिपॅराटाइडच्या रोजच्या इंजेक्शनाने हाड भरून येते असेही सांगितले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

नमस्कार. मी रत्नागिरीत मुखशल्यचिकित्सक म्हणून काम करतो. रुग्ण न पाहता उपचार सांगणे योग्य नाही, परंतु आपल्या प्रश्नांपुरते लिहितो.

टेरिपॅराटाइडचा विचार प्रथम बाजूला ठेवा. हाडांत कर्करोग पसरलेल्या रुग्णांना ते औषध देत नाहीत. शेजाऱ्यांनी ऐकलेले अगदीच खोटे नाही, काही रुग्णांवर त्याचे चांगले परिणाम नोंदवले गेले आहेत, पण ती गोष्ट हाडांच्या ठिसूळपणाच्या रुग्णांची आहे. त्या रुग्णांना झोलेड्रॉनिक ॲसिडही बहुधा वर्षातून एकदाच मिळते आणि त्यांच्यात हा आजार फार विरळा दिसतो. कर्करोगाच्या रुग्णांत डोस वारंवार असल्याने धोका बराच अधिक असतो, तरी तोही साधारणपणे शंभरात पाचांहून कमी असतो. हा आजार 2003 मध्ये प्रथम वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवला गेला, त्यामुळे उपचारांच्या तुलनेचा पुरावा अजून तोकडा आहे. पीआरएफने जखम लवकर भरते असे काही लहान अभ्यासांत दिसले, पण ते निर्विवाद सिद्ध झालेले नाही, आणि म्हणूनच चिठ्ठीची पद्धत न्याय्य ठरते: थर न मिळणाऱ्या गटालाही प्रचलित शस्त्रक्रिया मिळणारच आहे. थर रुग्णाच्याच रक्ताचा असल्याने त्यातून ॲलर्जीची भीती जवळजवळ नसते. मला खरी काळजी वाटते ती वर्षभराच्या प्रवासाची, कारण मणक्यांत आजार असलेल्या बाईंना रात्रभर गाडीत बसवणे सोपे नाही. मधल्या काही तपासण्या बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजात करून अहवाल पाठवता येतील का, हे सही करण्यापूर्वी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

इंजेक्शन थांबवण्याबाबत तज्ज्ञांतच एकमत नाही. अमेरिकेतील मुखशल्यचिकित्सकांच्या संघटनेने 2022 मध्ये काढलेल्या निवेदनातही या मुद्द्यावर सहमती झालेली नाही. हे औषध हाडात वर्षानुवर्षे राहते, त्यामुळे दोन-तीन महिन्यांच्या खंडाने फारसा फरक पडत नसावा असे माझे मत आहे. तरीही हा निर्णय मुख्यतः कर्करोगतज्ज्ञांचा आहे, कारण मणक्याचे हाड मोडले तर त्याची किंमत जबड्याहून मोठी असेल. दोघांनी एकमेकांशी फोनवर बोलावे असा आग्रह धरा. रुग्णाच्या नातेवाइकांना टपालवाला करणे बरे नव्हे.

माहितीपत्रक मराठीत मागा. अभ्यासाची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत झाली आहे का ते पाहा. 2007 पासून चालू असलेली ही नोंदवही संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. नीतिसमितीची मान्यता, अभ्यासामुळे इजा झाल्यास होणाऱ्या उपचारांचा खर्च आणि प्रवासखर्च यांविषयी पत्रकात काय लिहिले आहे ते नीट वाचा. मध्येच बाहेर पडले तरी नेहमीचे उपचार बंद होता कामा नयेत. सासूबाई मशेरी लावत असतील तर संकोच न करता सांगा. जखमेच्या दृष्टीने ती माहिती महत्त्वाची आहे.

धागाकर्तीचे उत्तर

डॉक्टरसाहेब, मनःपूर्वक आभार. मशेरी आहे, आणि ती सोडण्याबाबत घरात रोज वाद होतो. आम्हाला मिळालेले पत्रक इंग्रजीत आहे व त्यावर नोंदणी क्रमांकाची जागा कोरी आहे, म्हणून तो क्रमांक आणि मराठी प्रत मिळेपर्यंत सही करायची नाही असे आम्ही ठरवले आहे. दोन्ही डॉक्टरांचा फोनवर संवाद घडवण्यासाठी रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटणार आहोत. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहण्यासाठी रुग्णालयाकडून कोणती कागदपत्रे न्यावी लागतात, हे कोणास ठाऊक असल्यास कृपया येथे लिहावे.