मदत हवी आहे: 'रोबोट' आणि 'अर्भक' खरंच एका कुळातले का?

नमस्कार मंडळी. विज्ञानकथांसाठी घडवलेल्या शब्दांवर शाळेतल्या मुलांशी बोलायचंय. तयारी करताना एका जागी अडलेय.

'रोबोट' आला कारेल चापेक या चेक लेखकाच्या 'आर. यू. आर.' (१९२०) या नाटकातून. नाटकातले रोबोट लोखंडी नाहीत बरं का, कृत्रिम मांसाचे आहेत. चापेकनेच पुढे लिहून ठेवलंय की त्याच्या डोक्यात लॅटिनमधल्या 'लाबोर' (श्रम) वरून केलेला 'लाबोरी' हा शब्द होता, पण तो त्याला फार पुस्तकी वाटत होता. भाऊ योसेफ तेव्हा चित्र रंगवत होता. त्याने तोंडातला ब्रशही न काढता 'रोबोटी' सुचवला. चेकमध्ये 'रोबोता' म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने राबणं, आपली वेठबिगारी. मला हा किस्सा फार आवडतो, मुलांनाही आवडेल.

आता अडचण. 'रोबोता', जर्मन 'आर्बाइट' (काम) आणि संस्कृत 'अर्भ' (लहान, मूल) यांचं मूळ एकच, असं व्युत्पत्तीच्या कोशांत सापडतं. दुवा अनाथ, पोरक्या मुलाचा; त्याच्या वाट्याला दुसऱ्याच्या घरची कामं येतात. तसं असेल तर 'अर्भक' हा रोबोटचा लांबचा भाऊबंद! पण संस्कृत व्याकरणाचे अभ्यासक हे मानतात का? 'अर्भ'ची वैदिक उदाहरणं कोणी देईल का?

शिवाय 'यंत्रमानव' मराठीत छापून आलेला सगळ्यात जुना उल्लेख कोणाला माहीत आहे? जुनी मासिकं जपलेल्यांनी कृपया बघा. पानाचा फोटो मिळाला तर फारच उत्तम.