ताई-दाजी कॅनडात, काँडो अमेरिकेत, रान करवीरात… मृत्युपत्र कुठं करायचं?

राजारामपुरी_गल्ली:
नमस्कार मंडळी. ताई आणि दाजी कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात विंडसरला असतात, दाजी रोज पूल ओलांडून अमेरिकेत डेट्रॉईटला कामाला जातात. दोघं कॅनडाचे नागरिक झालेत, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळतंय ते) आहे. फ्लोरिडात छोटा काँडो, म्हणजे फ्लॅट घेतलाय, अमेरिकन कंपन्यांचे शेअर्स आहेत पण ते कॅनडाच्या ब्रोकरकडं, आणि इकडं करवीर तालुक्यातलं उसाचं रान बाबा ताईला बक्षीसपत्रानं देणार म्हणतायत. आता सुट्टीला आलेत तर दाजी म्हणतात इथंच ओळखीच्या वकिलाकडं सगळ्याचं एकच मृत्युपत्र करून टाकू, स्वस्तात होतंय. मला काय ते पटेना. कुणाकडं जावं?

खासबाग_कट्टा:
एकच नको भावा. आपल्याकडं मसुद्यात 'यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत' हे वाक्य असतंयच, टायपिस्टच्या कॉम्प्युटरमध्ये कायमचं बसलेलं असतंय ते. तिकडं आधी एखादं केलेलं असलं तर तेही त्यात उडतंय आणि कुणाच्या ध्यानात पण येत नाही. देशागणिक वेगळं करा, आणि प्रत्येकात स्पष्ट लिहून घ्या की हे फक्त इथल्या मिळकतीपुरतं.

कागलचा_आता_मिसिसागा:
वरच्यांशी सहमत. कॅनडात वारसा कर नाही म्हणून आपली माणसं निवांत असतात, पण माणूस गेला की त्याचं सगळं बाजारभावानं विकलं असं धरून नफ्यावर टॅक्स लावतात. नवरा-बायकोत गेलं तर तो पुढं ढकलता येतो. अमेरिकेचं वेगळंच, तिथं माणूस गेल्यावर त्याच्या तिथल्या मिळकतीवर इस्टेट टॅक्स असतो. काँडो तर धरतातच, पण शेअर्सही धरतात, ब्रोकर टोरंटोचा असला म्हणून सुटत नाही. तिथले नागरिक किंवा रहिवासी नसाल आणि तिथली मिळकत ६०,००० डॉलरच्या वर गेली तर वारसांना इस्टेट टॅक्सचा रिटर्न भरावा लागतो. दोन देशांच्या करारामुळं मध्यमवर्गीयाला प्रत्यक्ष टॅक्स बहुतेक लागत नाही, पण ती सवलत रिटर्न भरून मागायला लागते. आणि डेट्रॉईटचे सहकारी 'लिव्हिंग ट्रस्ट करा' (म्हणजे जिवंतपणीच मिळकत ट्रस्टच्या नावावर करायची) म्हणून मागं लागतील, तो अमेरिकेत राहणाऱ्यांना बरा, कॅनडात राहून केला तर मिळकत ट्रस्टमध्ये टाकतानाच टॅक्स बसू शकतो.

राजारामपुरी_गल्ली:
बाप रे. दाजींनी मागं वहीच्या पानावर हातानं लिहून नुसती सही करून ठेवलंय, साक्षीदार कुणी नाही. ते चालतंय का?

कागलचा_आता_मिसिसागा:
सगळं त्यांच्याच अक्षरात असेल तर ओंटारिओत चालतं. फ्लोरिडात नाही, तिथं दोन साक्षीदार लागतातच. म्हणजे त्या पानावर काँडो अडकला. आधी ओंटारिओचा वकील गाठा, पण असा की ज्याचं फ्लोरिडाच्या वकिलाशी नेहमीचं काम आहे, आणि जोडीला दोन्हीकडचे रिटर्न भरणारा अकाउंटंट. पहिल्याच फोनवर '७०६-एनए फॉर्म भरलाय का' विचारा, वर सांगितलेला इस्टेट टॅक्सचा रिटर्न तो हाच. अडखळला तर दुसरा बघा, घरगुती मृत्युपत्र करणारे गल्लोगल्ली आहेत तिकडं.

बावडा_कोर्ट_रोड:
सगळी अमेरिकेचंच बोलतायत, रानाचं कोण बघणार? बक्षीसपत्र करू नका! ओसीआय माणसाला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही, फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा नियम आहे. वारशानं मात्र येते. म्हणजे बाबांनी स्वतःचं मृत्युपत्र करायचं, ताईच्या नावानं. पण आधी सातबारा आणि जुने फेरफार काढा, रान स्वकष्टार्जित की वडिलोपार्जित ते बघा, वडिलोपार्जित असलं तर बाबांना फक्त आपला हिस्साच देता येतोय, आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं ताईचा हक्क तसाही आहेच. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडं करून घ्याच. साक्षीदार दोन, ज्यांना त्यातलं काही मिळणार नाही असले, आणि जमलं तर बाबांपेक्षा तरुण. आमच्यात दोन्ही साक्षीदार आधी गेले, मग सही ओळखणारा माणूस शोधत बसलो.

राजारामपुरी_गल्ली:
लई उपकार झाले. बक्षीसपत्राचा स्टॅम्प सोमवारी घेणार होते बाबा, थांबवतो. करवीरकडं जमिनीचं काम बघणारा चांगला वकील कुणाला माहीत असेल तर मेसेज करा.