साक्रीत डाईक शोधायला ड्रोनखालचा मॅग्नेटोमीटर: उंची किती ठेवावी, आणि ही लाट कसली?

खानदेश_भूजल:
नमस्कार मंडळी. साक्री तालुक्यात (जि. धुळे) २ × २ किमीच्या तुकड्यात डाईक (जुन्या खडकाच्या भेगेत लाव्हा घुसून गोठलेल्या भिंती) शोधायचेत. टेकडीवर ते उघडे दिसतात, साधारण पूर्व-पश्चिम. खाली शेतात काळ्या मातीत गडप होतात. बंधाऱ्याची जागा त्यावरून ठरेल. सिझियम सेन्सर (चुंबकीय क्षेत्र मोजणारा मॅग्नेटोमीटर), सेकंदाला १० रीडिंग, ड्रोनखाली ३ मीटर दोरीवर. ८ मी/से वेगाने उडवलं की रीडिंगमध्ये दर २८ मीटरला एक लाट येते, शेजारच्या ओळीही जुळत नाहीत. जमिनीवर चालत घेतलं तर नुसता गोंगाट. उंची आणि ओळींतलं अंतर किती धरू?

उत्तरसूची:
लाट सेन्सरच्या झोक्याची आहे. ३ मीटर दोरीचा एक झोका साडेतीन सेकंदांचा, गुणिले ८ म्हणजे २८ मीटर. तीच ओळ ५ मी/से ने उडवा. लाट १७-१८ मीटरवर आली तर शंका उरत नाही. जमिनीतला डाईक वेग बदलल्याने जागा सोडत नाही. एका दोरीऐवजी ड्रोनच्या चार कोपऱ्यांतून दोऱ्या बांधा, वळण ओळीच्या ५०-६० मीटर बाहेर आणि गोलाकार घ्या, उड्डाणं सकाळी वारा सुटायच्या आत उरका. दोरी आखूड मात्र करू नका. मोटरींची चुंबकं आणि बॅटरीच्या वायरींचा त्रास अंतर घटलं की घनाच्या पटीत वाढतो: दीड मीटरवर आलात की मोटरींचा त्रास जवळपास आठपट.

ओळी न जुळण्याची कारणं दोन. जीपीएस ड्रोनवर आहे, सेन्सर मागे रेंगाळतो, म्हणून जाता-येताच्या ओळी उलट बाजूंना सरकतात आणि नकाशात करवतीचे दात दिसतात. एकच ओळ दोन्ही दिशांनी उडवा, जो फरक येईल त्याच्या निम्मं सरकवा. दुसरं, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा दिवसाचा चढउतार: दुपारपर्यंत ४०-५० नॅनोटेस्ला (क्षेत्र मोजण्याचं एकक) सहज. हा चढउतार वजा करायला बेस मॅग्नेटोमीटर (एका जागी ठेवलेला दुसरा) लावा: रस्ता, विहीर, पंपापासून १०० मीटर लांब, सेकंदाला एक रीडिंग. दोन्हींची वेळ जीपीएसचीच ठेवा. एकीकडे भारतीय वेळ राहिली तर साडेपाच तासांचा घोळ होतो आणि दुरुस्तीच उलटी पडते. अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची नोंद चुंबकीय वादळाचा दिवस ओळखायला उत्तम, पण दुरुस्ती स्वतःच्या बेसनेच करा.

काळा_पाषाण:
चालत घेतलेला गोंगाट खराच आहे. इथला काळा खडक, बेसाल्ट, स्वतः चुंबकीय, त्यात प्रत्येक धोंड्याची दिशा वेगळी. २५-३० मीटर उंचीवर ते सगळं विरतं आणि लांबलचक डाईक उरतो. याच भागासाठी ड्रोन मला पायी सर्वेक्षणापेक्षा सरस वाटतो.

ओळी उत्तर-दक्षिण, ५० मीटरवर. त्यांना छेदणाऱ्या आडव्या ओळी, ताळा पाहायला, दर ५०० मीटरला. ४१ ओळी, ८२ किमी, म्हणजे नुसतं उडणं सुमारे तीन तास. एका बॅटरीत ६ किमी उपयोगी ओळ धरली तर १४ उड्डाणं, आडव्या वेगळ्या. ड्रोन नजरेआड जाऊ द्यायचा नाही, म्हणून २ किमीच्या ओळीचे तुकडे पाडा.

खानदेश_भूजल:
आभारी आहे दोघांचा. शेतपंपांच्या तारा सगळीकडे आहेत, त्यांचं काय?

उत्तरसूची:
इथेच जास्त सांभाळा. वीज ५० हर्ट्झची, तुमची रीडिंग १० हर्ट्झवर. ग्रिड ४९.९५ वर आलं की सेन्सरला तो २० सेकंदांचा संथ चढउतार भासतो, म्हणजे ८ मी/से ला १६० मीटरची लाट, आणि ती अगदी डाईकसारखी दिसते. सेन्सर सेकंदाला १००० रीडिंग देत असेल तर कच्चा डेटा घ्या, ५० हर्ट्झ गाळा, मगच १० वर आणा. नसेल तर तारेजवळच्या ओळी वेगळ्या दिवशी पुन्हा उडवा.

काळा_पाषाण:
अर्थ लावताना एक गोष्ट. दख्खनच्या बऱ्याच थरांचं चुंबकत्व उलटं गोठलेलं आहे, डाईकचं सुलटं किंवा उलटं काहीही असू शकतं. त्यामुळे 'दक्षिणेला उंच, उत्तरेला खोल' हा नेहमीचा आकार गृहीत धरू नका, ध्रुवावर आणण्याचं गणितही (आकार थेट खडकाच्या डोक्यावर सरकवण्याची पद्धत) फसेल. अॅनॅलिटिक सिग्नलचं (क्षेत्र सगळ्या दिशांना किती झपाट्याने बदलतं त्याचा एकत्रित आकडा) शिखर पाहा, ते डाईकच्या माथ्याजवळ येतं. एवढ्याने जागा कळेल. डाईक पाणी अडवतो की भेगांतून सोडतो, ते नाही. बंधारा ठरवण्याआधी डाईकला आडव्या दोन रेझिस्टिव्हिटी रेषा (जमिनीचा विद्युत रोध मोजणाऱ्या) घ्या आणि दोन्ही बाजूंच्या विहिरींची पातळी मार्च-एप्रिलमध्ये मोजा.