मदत हवी आहे: टोमॅटोशेजारी बटाटा चालतोय काय?

मंडळी, खानापूर साइडला घर आहे, मागं परड्यात लाल मातीचे वाफे केलेत. टोमॅटोची रोपं वीतभर झालीत आणि आई म्हणतीय मोकळ्या जागेत बटाटा लाव की, पण दोन्ही एकाच कुळातली, एकाला करपा आला की दुसऱ्यावर जाणारच, त्यात आमच्याकडं सकाळी धुकं, पानं उशिरापर्यंत ओलीच असतात. मग कांदा लावू की घेवडा? दोन्ही शेजारी लावले तर घेवडा खुरटतो म्हणतात, कुणी खरंच करून बघितलंय काय की नुसतं ऐकीव? मुळाला गाठी करणाऱ्या सूत्रकृमीसाठी झेंडू लावतात ते माहितीय, पण नुसता बांधाकडेनं पुरतोय की ओळीत मधेमधेच पाहिजे? बेळगाव भागातल्यांनीच सांगा प्लीज, यूट्यूबवर सगळे टेरेसवाले भेटतात.