वाट पाहणं आणि कळसाचं दर्शन
"देवाची वेळ आली की होतं, आपण फक्त वाट पाहायची" असं बरेच जण म्हणतात. त्यातला विश्वास पटतो, 'फक्त' पटत नाही. पुंडलिकाच्या कथेत तर देवच विटेवर ताटकळत उभा आहे, आणि पुंडलिक आईवडिलांची सेवा अर्धवट टाकून उठत नाही.

स्पर्धा परीक्षेत तिसऱ्यांदा नापास झालो त्या वर्षी आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चाललो. मनात सरळ सौदा होता, एवढं चालतो, आता तरी दे. पुणे ते सासवडचा टप्पा लांबलचक, दिवे घाटात तर पाय उचलेनात. पंढरपुरात आषाढीची ती दर्शनाची रांग! आमच्या दिंडीतल्या एका आजींनी लांबूनच कळसाला हात जोडले आणि परतीची पिशवी भरली. कितीतरी वारकरी असेच कळसाचं दर्शन घेऊन परततात, हे मला तेव्हा कळलं. "आत नाही जायचं?" विचारलं, तर म्हणाल्या, "बोलावील तवा जाईन की. वारी तर झाली."

चौथ्यांदाही यादीत नाव नव्हतं. पण तिसऱ्या निकालानंतर सहा महिने पुस्तकाला हात लावला नव्हता, या वेळी दोन दिवसांत उघडलं.