पिस्ता आणि शेवाळी: भिंतीच्या दोन हिरव्या रंगांची नावे

प्रश्न: बैठकीच्या खोलीसाठी पिस्ता की शेवाळी, असा विचार चालू आहे. शेवाळी फिका केला की तोच पिस्ता होतो, असे घरातील काहींचे म्हणणे आहे. हे बरोबर आहे का?

उत्तर: नाही. मुख्य फरक गडद-फिक्याचा नसून झाकेचा आहे. भरपूर पांढऱ्यात थोडा पिवळसर हिरवा मिसळला की पिस्ता होतो. शेवाळीत मात्र काळ्याचा किंवा तपकिरीचा अंश असतो, त्यामुळे त्यात कितीही पांढरा ओतला तरी हाती येतो तो मातकट असा फिका शेवाळी. घडणही निराळी आहे: पोपटी, आकाशी, डाळिंबी यांच्याप्रमाणे शेवाळी हे वस्तूच्या नावाला ‘ई’ लागून झालेले विशेषण आहे, तर फारसीतून आलेला पिस्ता रंगासाठीही प्रत्ययाविनाच वापरला जातो. शिवाय भिंतीवरचा पिस्ता सोललेल्या पिस्त्यापेक्षा पिस्ता कुल्फीच्या अधिक जवळचा असतो. कोकणात ‘भिंती शेवाळी करायच्या आहेत’ असे म्हटल्यास ऐकणाऱ्याला आधी पावसाळ्यातली ओल आठवेल, हे गृहीत धरूनच तो शब्द वापरावा.

आणखी एक मत: अलीकडे ‘सेज’ या सुगंधी वनस्पतीच्या पानांवरून नाव पडलेल्या रंगालाही शेवाळी म्हटले जाते, ते मला पटत नाही. सेजची पाने राखट असतात, त्यांत शेवाळाचा पिवळेपणा नसतो. शेर्विन-विल्यम्स या अमेरिकी कंपनीने 2022 साठी वर्षाचा रंग म्हणून निवडलेला ‘एव्हरग्रीन फॉग’ याच राखट कुळातला आहे. सेजला ‘राखट हिरवा’ म्हणावे. ‘एव्हरग्रीन फॉग’चे प्रकाश-परावर्तन मूल्य 30 आहे. या मापनात काळा 0 आणि पांढरा 100 धरतात, म्हणजे तो रंग बराच गडद ठरतो.

मूळ प्रश्नाबाबत सांगायचे, तर 2700 केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली पिस्ता सायीच्या रंगाकडे झुकतो आणि शेवाळी तपकिरी वाटू लागतो. 6500 केल्विनच्या पांढऱ्या ट्यूबखाली दोन्हींचा हिरवेपणा वर येतो. बैठक संध्याकाळीच वापरात असेल, तर मी पिस्ता निवडेन. रंगाऱ्याला मात्र नुसते नाव न सांगता शेडकार्डावरचा क्रमांकही द्यावा, कारण एका कंपनीचा पिस्ता दुसरीच्या पोपटीला खेटून असू शकतो.