आईवडिलांचे राहते घर विकायचे तर नेमके केव्हा?

गावभागकर
आईवडिलांपैकी एक जण जरी हयात असेल तरी राहते घर विकायला काढू नये, वर्षश्राद्ध झाल्यावर भावंडांनी बसून ठरवावे आणि तोवर भावही वाढलेला असतो, असे विश्रामबागवासी यांनी काल लिहिले. त्याला अनेकांनी दुजोरा दिलेला पाहून हे उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

आमचे घर सांगलीच्या कृष्णाकाठच्या गावभागात आहे. २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर त्या घराने पाहिले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णेवरील आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा आईला होडीतून बाहेर काढावे लागले. वडिलांनी मृत्युपत्राने घर तिच्या नावे केले असून मालमत्ता पत्रकावर तिचे एकटीचे नाव आहे. आज ती स्वतः व्यवहार समजून घेऊ शकते, भाव नाकारू शकते, दुय्यम निबंधकासमोर उभी राहून सही करू शकते, आणि माझ्या मते घर विकण्याचा योग्य काळ तो हाच. तिच्या पश्चात आम्हा भावंडांपैकी एकाचे मुखत्यारपत्र परदेशातून यायचे, दुसऱ्याला भाव पटायचा नाही, आणि तोवर बंद घराच्या भिंती खचायच्या. भाव वाढेल म्हणून थांबा असे सांगणाऱ्यांनी पुराच्या पुढच्या वर्षी गावभागात एखादे गिऱ्हाईक आणून दाखवावे.

विश्रामबागवासी
आपण पुराचे सांगितलेत, मी माणसांचे सांगतो. आमच्या शेजारच्या काकूंनी मुलाच्या आग्रहाने घर विकले आणि त्या पुण्याला गेल्या. आलेले पैसे मुलाच्या मोठ्या सदनिकेत गेले, करारनाम्यावर नावे मुलाची आणि सुनेची लागली, आणि स्वतःच्या बहिणीला चार दिवस राहायला बोलवायचे तरी काकूंना विचारावे लागू लागले. ज्या बाईच्या नावावर घर असते तिचा शब्द घरात चालतो, हे मी आयुष्यभर पाहत आलो आहे. पुराची भीती असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये आईला उंचावरच्या नातेवाइकांकडे ठेवा. गावभागातील कितीतरी कुटुंबे तेच करतात, त्यासाठी घर विकण्याचे कारण नाही.

भावाबद्दलही माझे मत कायम आहे. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची सवलत दिली, तेव्हा घेणारे आपणहून दारात येत होते. अशी संधी कधी येईल ते सांगता येत नाही, म्हणूनच थांबण्याची तयारी हवी.

धाकटी लेक
विश्रामबागवासी ‘भावंडांनी बसून ठरवावे’ असे लिहितात, पण त्या बैठकीत बहिणीला कोठे बसवतात हे कोणीच लिहिले नाही. आमचे वडील मृत्युपत्र न करता गेले. तेराव्यानंतर पाहुणे पांगले नाहीत तोच माझ्यापुढे हक्कसोडपत्र आले आणि ‘सगळ्याच मुली करतात’ असे सांगण्यात आले. वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला समान वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच दिला होता, पण राहत्या घराची वाटणी मागण्याचा अधिकार मात्र पुरुष वारसांनी वाटणी करायची ठरवेपर्यंत तिला नव्हता. तो अडसर २००५ मध्ये दूर झाला. माझ्या लेखी घर विकण्याची योग्य वेळ म्हणजे मुलीकडून सही घेण्याआधी तिला किंमत सांगितली जाते ती वेळ.

थोरला भाऊ
ताई, हक्काची भाषा सोपी आहे. वडिलांच्या आजारपणात रात्री जागलो आम्ही, घरपट्टी भरली आम्ही, कौले बदलली आम्ही. बहिणीच्या लग्नाचे कर्ज फेडताना तिने वाटा मागितला नव्हता, मग घर विकायच्या दिवशीच तिला कायदा कसा आठवतो?

धाकटी लेक
माझ्या लग्नाचा खर्च मानपानावर झाला आणि तो मान तुमच्यासारख्यांनीच मिरवला, तो माझा वाटा कसा ठरतो? कौले बदलल्याचा खर्च हिशेबात धरा, पावत्या दाखवा, मी माझ्या हिश्शातून तो वजा करून घेईन. आजारपणात जागलात त्याबद्दल मी आयुष्यभर ऋणी राहीन, पण त्या ऋणाची किंमत ठरवून माझ्याकडून परस्पर वसूल करण्याचा अधिकार तुम्हाला नाही.

थोरला भाऊ
पावत्या दाखवीन. एवढे मान्य करतो की तेराव्याला कागद पुढे करणे गैर होते. बाकीचे मला पटलेले नाही.

दस्तलेखक
मूळ प्रश्नाकडे वळतो. घर एकट्या आईच्या मालकीचे असेल तर विक्रीला मुलांच्या सहीची कायद्याने गरज नाही. करातही फरक पडतो. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेले घर विकून झालेल्या नफ्यावर कर भरताना भारतात राहणाऱ्या (निवासी) व्यक्तीला दोन पर्याय आहेत: महागाई निर्देशांक न लावता साडेबारा टक्के किंवा तो लावून वीस टक्के. जुन्या घराची १ एप्रिल २००१ ची किंमत दहा लाख धरली आणि ते २०२५-२६ मध्ये साठ लाखांना विकले, तर निर्देशांक १०० वरून ३७६ वर गेल्याने मूळ किंमत ३७.६ लाख होते आणि कर सुमारे ४.४८ लाख बसतो. निर्देशांक न लावता साडेबारा टक्क्यांनी तो ६.२५ लाख होतो (अधिभार आणि उपकर वेगळे). अनिवासी मुलाला हा निवडीचा अधिकार नाही, म्हणून आईच्या पश्चात त्याच्या हिश्शावर कर जास्त बसू शकतो.

विश्रामबागवासी यांच्या काकूंसाठीही यात उत्तर आहे. नफ्यावरील कर वाचवण्यासाठी विक्रीनंतर दोन वर्षांत दुसरे घर घ्यायचे, तर ते आईच्याच नावावर घ्यावे. मुलाच्या नावावर घेतल्यास सवलतच वादात सापडते.

परदेशस्थ
प्रत्येक खोळंब्याचे खापर आमच्यावर फोडले जाते, म्हणून लिहितो. मुखत्यारपत्र वेळेत पाठवूनही भावांचा आपसातला वाद मिटला नाही म्हणून आमचे घर तसेच पडून आहे. अनिवासी विक्रेता असला की घेणाऱ्याला करापोटी मोठी रक्कम कापून भरावी लागते आणि तो बिचकतो, हे मात्र खरे आहे.

विश्रामबागवासी
कराचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता, तो मान्य करतो. वर्षश्राद्धापर्यंत थांबावे हा आग्रहही मी सोडतो, पण एका अटीवर. पैसे आईच्या एकटीच्या खात्यात जावेत, नवे घर तिच्या नावे आधी ठरावे आणि मगच जुन्याची किल्ली द्यावी. गावभागकर, आईला हे घर विकायचे आहे की तुम्हाला, हे तुमच्या पोस्टमधून मला अजून कळलेले नाही.

गावभागकर
तिला सांगलीच्याच विश्रामबाग भागात तळमजल्याचे घर हवे आहे, देवघरासाठी पूर्वेची भिंत हवी आहे आणि व्यवहार दसऱ्यानंतर करायचा आहे, कारण पितृपक्षात ती कागदाला हात लावणार नाही. अट तिला वाचून दाखवली. खाते तिचे एकटीचेच आहे. नव्या घराचा विसार दिल्याशिवाय जुन्याच्या खरेदीखतावर सही करणार नाही, असे तिने मला कालच बजावले आहे.